टी-शर्ट तोफेपेक्षा चेंडू फेकणारा रोबो बरा

रोबोटिक्स टीमने लोकांसमोर, लहान मुलांसमोर दाखवायला कोणता रोबो बनवावा, या प्रश्नावर वर बहुतेकांचा कल दाबलेल्या हवेवर गर्दीत टी-शर्ट उडवणाऱ्या तोफेकडे दिसतोय, आणि हवेच्या टाकीसाठी पीव्हीसी पाइप सुचवलाय. तो पाइप तेवढा कृपया नको. पाण्याचा दाब तो सोसतो, पण दाबलेली हवा भरून फुटला तर त्याच्या धारदार चिरफळ्या लांबवर उडतात. तोफच करायची असेल तर हवेसाठीच बनवलेली टाकी घ्या आणि वर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा.

माझं मत मात्र फोमच्या चेंडूला. ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शाळकरी टीमांच्या रोबो स्पर्धेच्या २०२०च्या खेळात रोबोंना सात इंची पिवळे फोमचे चेंडू फेकायचे होते. त्या वर्षीचा रोबो टीमकडे पडून असेल तर निम्मं काम झालंच आहे. टी-शर्ट ज्याला मिळाला तो खूश, बाकीचे हात हलवत घरी. चेंडू पोरं पळत जाऊन परत आणतात, पुन्हा फेकायला लावतात. गर्दी त्यालाच जमते.

गेमपॅड, म्हणजे रोबो चालवायचा हातातला कंट्रोलर, बिनधास्त लहान मुलांच्या हातात द्या. फक्त वेग कोडमध्येच पाव-एक ठेवा, आणि दुसरा गेमपॅड टीममधल्या कोणाकडे तरी हवा: त्याने बटण दाबून धरलं तरच रोबो हलेल, सोडलं की जागच्या जागी थांबेल. बॅटरी-बंपरसकट हे धूड साठ किलोंच्या वर जातं, चिमुरड्याच्या पायावर गेलं तर काय घ्या! चेंडू फेकणाऱ्या फिरत्या चाकांना पॉलिकार्बोनेटचं (मजबूत पारदर्शक प्लास्टिकचं) आवरणही लावा. बोटं नेमकी तिथेच जातात.

रंगीत एलईडी पट्ट्या वगैरे सगळ्यात शेवटी.