मदत हवी आहे : मांडवा ते मालवण सायकल प्रवास – जलदुर्ग, खाड्या आणि चढ यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार.

मी दापोली तालुक्यात राहतो, वय ५३. येत्या मार्गशीर्षात माझी पुतणी (वय १९) आणि मी असे दोघे मांडव्याहून मालवणपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलने जाण्याच्या विचारात आहोत. अंतर चारशे किलोमीटरच्या थोडे वरच भरते आणि तिच्या परीक्षांमुळे आम्हाला आठ दिवसांहून अधिक मिळत नाहीत. रोज पन्नास किलोमीटर म्हणजे काही फार नाही, असे कागदावर वाटते. तेच खरे आहे का, हे विचारण्यासाठी हा धागा काढला आहे.

शंका येण्याचे कारण सांगतो. गेल्या वर्षी मी एकटाच हर्णैहून गुहागरला निघालो होतो. मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळला तर (खाडी ओलांडणारी फेरीबोट) धरायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरून संध्याकाळपर्यंत गुहागर गाठायचे, असा बेत होता. नकाशावर हे सारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर दिसत होते. प्रत्यक्षात रस्ता प्रत्येक गावाला समुद्रसपाटीवर उतरतो आणि गाव संपताच पुन्हा सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढतो. तिसऱ्या घाटीनंतर मी सायकल हाताने ढकलू लागलो आणि दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची फेरी निघून गेली होती. चूक सर्वस्वी माझीच होती. ती रात्र मी दाभोळमध्ये एका ओळखीच्या घरी काढली आणि सकाळी माँसाहेबांची मशीद निवांत पाहायला मिळाली, एवढेच त्यातले समाधान.

आता मुख्य हेतूविषयी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूरचनेतील बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावर आहेत. पुतणी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे हे चारही आणि त्यांच्या जोडीला अलिबागचा कुलाबा किल्ला उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने पाहावेत, असा तिचा आग्रह आहे. या क्रमाला एक अर्थही आहे. १७५५ मध्ये हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. म्हणजे हर्णैहून विजयदुर्गापर्यंतचा आमचा रस्ता आंग्र्यांच्या आरमाराच्या अखेरच्या वर्षाचाच रस्ता ठरतो. (पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन आपलेच आरमार बुडवले की नाही, हा वाद आमच्या घरी जेवणाच्या पानावर नित्य चालतो, तो कृपया येथे सुरू करू नये.)

वाटेत जंजिरा, कोर्लई, बाणकोट, जयगड, रत्नागिरीतला थिबा राजवाडा आणि कशेळीच्या सड्यावरचे हत्तीचे कातळशिल्पही आहे. हे सगळे आठ दिवसांत बसणार नाही, हे मला कळते. काय गाळावे, ते मात्र कळत नाही.

सायकलींविषयी थोडे. माझी सायकल जुनी, पोलादी सांगाड्याची आहे. पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे सात गिअर, त्यांतली सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची. पुतणीची सायकल नवी आणि हलकी आहे, परंतु टायर २८ मिलिमीटरचे आहेत. प्रत्येकी आठ-नऊ किलो सामान होईल. तंबू नेणार नाही. घरगुती सोय असेल तेथे राहू.

माझे प्रश्न असे आहेत. खाड्यांवरच्या फेरीबोटी धरून दिवसांची विभागणी कशी करावी? कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचे असेल तर मांडव्याहून कोणत्या तिथीला निघावे? रत्नागिरी ते विजयदुर्ग हा टप्पा एका दिवसात होतो का? आणि माझ्या गिअरवर या घाट्या सामानासह चढता येतील का, की आधी काही बदल करून घ्यावा? ज्यांनी हा रस्ता मोटारीने नव्हे तर सायकलने केला आहे, त्यांच्या उत्तरांची विशेष वाट पाहीन, कारण मोटारीत बसलेल्या माणसाला चढ आठवत नाही.

प्रतिसाद

नमस्कार. हा रस्ता मी दोनदा केला आहे, एकदा सात दिवसांत आणि एकदा अकरा दिवसांत. सात दिवसांत मला रस्ता दिसला, किल्ले दिसले नाहीत.

आधी तिथीचे सांगतो. आपल्याकडचा जुना हिशेब आपणास ठाऊक असेलच : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पावणेचारची भरती, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि ती वेळ सोयीची वाटते. पण ते भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस, पाणी पुरेसे मागे हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावे लागते. म्हणून पंचमीच धरावी, शुद्ध पक्षातली असो वा वद्य पक्षातली. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर आहे आणि तो भाग सपाट आहे. आदल्या दिवशी मांडव्यात उतरून मुक्काम केलात तर सकाळी लवकर निघून किल्ला पाहून होतो. पाणी वळू लागले, की आतल्या गणपतीपुढे हात जोडून लगेच बाहेर पडावे. खांदेरी मात्र थळच्या किनाऱ्यावरून पाहून समाधान मानावे. तेथे होडीने जाण्यात अर्धा दिवस जातो.

पुढची विभागणी किलोमीटरवर करू नये, खाड्यांवर करावी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार फेरीबोटी आपल्याला लागतील. माझा नियम असा, की एका दिवशी एकच तर आणि तीही दुपारच्या आत. तर ओलांडली की समोर चढ असतोच, कारण धक्का खाडीच्या काठाला आणि पुढचा रस्ता सड्यावर. तो चढ उन्हात किंवा अंधारात चढण्यापेक्षा ताज्या पायांनी चढलेला बरा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा पाण्याला लागून जाणारा रस्ता या सगळ्या प्रवासातला विसाव्याचा तुकडा आहे, तेथे घाई करू नये. त्याउलट केळशी ते दाभोळ हा भाग दोन दिवसांत करावा आणि मधला मुक्काम हर्णैला ठेवावा. सकाळी समुद्र शांत असताना सुवर्णदुर्गाला होडी मिळण्याची शक्यता अधिक असते. होडीची वाट पाहताना समोरचा गोवा किल्लाही पाहून होतो.

रत्नागिरी ते विजयदुर्ग एका दिवसात करू नये. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे असे प्रत्येक ठिकाणी थांबावेसे वाटते. कशेळीला कातळशिल्पाइतकेच कनकादित्याचे मंदिर पाहण्यासारखे आहे. शेवटी विजयदुर्ग समोर दिसत असूनही वाघोटण खाडीला आत वळसा घालावा लागतो आणि तो वळसा दमलेल्या माणसाला फार लांब वाटतो. आडिवऱ्याच्या आसपास मुक्काम ठेवल्यास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विजयदुर्ग होतो.

हा सगळा हिशेब केला तर दहा दिवस होतात. आठच असतील तर माझ्या मते विजयदुर्गालाच थांबावे आणि सिंधुदुर्ग पुढच्या वर्षासाठी ठेवावा. आपणच म्हटल्याप्रमाणे आपल्या प्रवासाची कथा १७५६ ला संपते. सिंधुदुर्गाची कथा १६६४ ला सुरू होते, ती वेगळी आहे आणि तिला मालवणात दोन दिवस द्यायला हवेत.

दिशा मात्र आपण योग्य निवडली आहे. हिवाळ्यात दुपारनंतरचा खारा वारा वायव्येकडून येतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी राहतो.

प्रतिसाद

सायकल दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे गिअरपुरतेच लिहितो. आपली सर्वांत हलकी जोडी २८ ला २८ आहे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, सुमारे २.१ मीटर. सामानासह कोकणातल्या घाट्यांना हे जड पडते. मागे ३४ दात्यांची मोठी चकती असलेला सात गिअरचा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) मिळतो. त्याने हेच अंतर सुमारे १.७ मीटरवर येते. खर्च थोडा आहे आणि फरक गुडघ्याला लगेच कळतो. साखळी कदाचित दोन-तीन कड्या लांब लागेल, आणि मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का, हे बसवण्यापूर्वी तपासून घ्यावे.

चढाइतकीच उताराची काळजी घ्यावी. ब्रेक रिमवर चालणारे असतील तर जांभ्याची लाल धूळ रबरात बसून रबर लवकर झिजते, म्हणून जास्तीची एक जोडी बरोबर ठेवावी. वळणावर चिरे भरलेला ट्रक समोरून येईल, हे धरूनच उतरावे. पुतणीच्या सायकलच्या सांगाड्यात बसत असतील तर टायर किमान ३२ चे घालावेत.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. विजयदुर्गाला थांबण्याचा सल्ला पुतणीला वाचून दाखवला. आधी ती रुसली, पण तिथीचा हिशेब वहीत मांडून तिने स्वतःच पंचमीचा दिवस काढला आणि मालवण खोडले. ३४ दात्यांचा फ्रीव्हील या आठवड्यात बसवून घेतो आणि हर्णै ते दाभोळ हा तुकडा सामानासह एकदा चढून पाहतो, म्हणजे गेल्या वर्षीचे उट्टेही निघेल.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. पूर्णगड ते नाटे या पट्ट्यात दोघांची रात्रीची घरगुती सोय, शक्यतो शाकाहारी जेवणासह, कोणत्या गावात खात्रीने होते? आणि विजयदुर्गाहून परतताना राजापूर रोड, वैभववाडी व कणकवली यांपैकी कोणत्या स्थानकावर सायकली पार्सल म्हणून स्वीकारतात? लहान स्थानकांवर गाडी फार थोडा वेळ थांबते, त्यामुळे दोन सायकली तेवढ्यात चढवता येतील का, याचा कोणास अलीकडचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.