आउटबोर्ड मशीन सुरू होत नाही: करंट आहे, पेट्रोल आहे, तरी दोन सेकंदांत बंद पडतं. मदत हवी आहे

मालवणजवळ देवबागला आमची फायबरची होडी आहे. तिला मागे लावायचं १५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, दोन सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर. सेल्फ नाही, बॅटरी नाही, दोरी ओढूनच सुरू करायचं. मे संपताना होडी वर घेतली आणि मशीन उतरवून मांगरात स्टँडवर उभं करून ठेवलं. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली, शेजारच्या होड्या कर्ली नदीच्या मुखातून बाहेर जायला लागल्या. आमचं मशीन मात्र काही केल्या धरत नाही. बाबा आणि काका दोरी ओढून थकले. म्हणून इथे विचारतेय.

नेमकं काय होतं ते सांगते. चोक ओढून दोरी मारली तर काहीच नाही, साधा फटकासुद्धा नाही. पण कार्ब्युरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल टाकलं की पहिल्या-दुसऱ्या ओढीला जोरात उठतं, दोन-तीन सेकंद चालतं आणि मरतं. पुन्हा टाकलं की पुन्हा तेच.

आतापर्यंत काय पाहिलं: किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) लाल दोरी जागेवर आहे, गिअर न्यूट्रलला आहे. दोन्ही प्लग नवे घातले. ब्लॉकला टेकवून दोरी ओढली तेव्हा दोन्हींवर निळा करंट स्वच्छ दिसला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून बघितलं, दोन्ही सिलिंडर अंगठा ढकलून देतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे. नळीतला रबरी फुगा दाबला की टणक होतो.

पेट्रोलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा संशय तिथेच आहे. टाकीत मे महिन्यातलं तेल मिसळलेलं पेट्रोल थोडं उरलं होतं. ते काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी वर हिरवट पेट्रोल आणि तळाला बोटभर गढूळ, पाण्यासारखा थर. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट खाली बसतं. टूटी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं वंगण तेल, मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे टाकीच्या तळातून नळी जे ओढते त्यात वंगण जवळपास नाहीच. आता टाकी धुऊन सुकवली आहे, ताजं पेट्रोल ५०:१ ने, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल घालून भरलं आहे. फिल्टर बदलला. तरी मशीन तसंच.

तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की सीडीआय (प्लगला करंट देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, नवा टाका. मला हे पटत नाही. सीडीआय गेला असता तर प्लगवर करंट दिसला नसता आणि वरून पेट्रोल टाकल्यावर मशीन उठलंही नसतं. सीझनच्या तोंडावर एवढा खर्च करायचा तर आधी खात्री हवी. कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे खालची पेट्रोलची वाटी, काढून पुसला, आत पांढरट-हिरवट खवले होते. जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) अजून काढलेले नाहीत. आता पुढे काय बघू? इंधनपंपाचा पडदा, की कार्ब्युरेटर?

प्रतिसाद:
ताई, तुमचा तर्क बरोबर आहे, सीडीआयला हात लावू नका. पंप की कार्ब्युरेटर हे पैसे न घालता कळतं. एकाने दोरी ओढायची, वरून पेट्रोल टाकून मशीन उठवायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी फुगा दाबत राहायचं. फुगा दाबताना चालत राहिलं आणि सोडल्यावर मेलं, तर पंपाचा पडदा गेला. फुगा दाबूनही मेलं, तर बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडून बघा. पेट्रोल धारेने आलं तर बाऊलपर्यंत वाट मोकळी आहे आणि जेट बुजलेत. तुम्ही सांगताय त्या खवल्यांवरून मला जेटच वाटतात, त्यातही हळू चालीचं पेट्रोल देणारा छोटा पायलट जेट. तो काढून उजेडाकडे धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. तार अजिबात घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मशीन कधीच नीट लागणार नाही. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, आणि घालायचंच तर बारीक तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) घाला. आणखी एक, मशीन कोरडं सुरू करू नका. पाण्याच्या पिंपात उभं करा, नाहीतर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, जळेल.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. फुगा दाबत राहिलो तरी मेलं, बाऊलमधून मात्र पेट्रोल धारेने आलं. मग कार्ब्युरेटर पूर्ण उतरवला. पायलट जेट आभाळाकडे धरला तर उजेडाचा ठिपकासुद्धा नाही, हिरवा गंज चढून पार बंद झाला होता. क्लीनरमध्ये भिजवला, काकांनी जाळ्यातला सर्वांत बारीक तंगूस तिरका कापून हळूहळू फिरवला, मग पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून आणली. मोठा जेट आणि सुईची जागाही साफ केली. पिंपात लावलं आणि चोकवर लगेच उठलं. सुरुवातीला पांढरा धूर खूप होता, मग कमी झाला. आता चोक आत ढकलूनही हळू चालीवर चालतंय.

एकच गोष्ट उरली आहे. बाजूच्या भोकातून मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार येते, पण तुटक आणि कोमट. भोकात तंगूस घालून मीठ काढलं, थोडीच सुधारली. अशा अवस्थेत बाहेर न्यायचं नाही असं बाबा म्हणाले आणि मलाही तेच योग्य वाटतं. उद्या खालचा गिअरबॉक्स सोडून पाण्याचा पंप उघडणार आहोत. इम्पेलरबरोबर त्याची चावी, खालची पत्र्याची प्लेट आणि गॅस्केट एकदमच बदलावं का? आणि गिअरचा रॉड सोडताना मशीन न्यूट्रलला ठेवायचं की रिव्हर्सला, हे ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.