घाटरस्त्यावर फोनमधला नकाशा की टपरीवरचा माणूस?

घाटवाट

गेल्या जुलैतली गोष्ट. आईला शिवथरघळ दाखवायची होती. पुण्याहून सकाळी निघालो. फोनने भोर-वरंध घाटाचा रस्ता काढून दिला, ताम्हिणी-माणगावपेक्षा अंतर बरंच कमी. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने जाताना रेंज गेली, पण निळी रेघ नीट चालू होती म्हणून मी निर्धास्त. हिर्डोशीला आईला चहा हवा होता, तेवढ्यासाठी थांबलो. टपरीवरच्या काकांनी आईकडे बघून विचारलं, "म्हातारीला घेऊन कुठं निघालाय? वर परवा दरड आलीय, पलीकडं कुणाला सोडत नाहीत." फोनवर मात्र त्या क्षणालाही रस्ता मोकळाच दिसत होता.

मागे फिरलो. घळ राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पावसाळ्यात घाट असो, धरणाचा परिसर असो किंवा अपरात्रीचा अनोळखी रस्ता, तिथे फोन दुय्यम आणि माणूस मुख्य. शेवटच्या मोठ्या गावात दोघांना तरी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात काय झालं ते आठवा. पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर कोतूळच्या पुलाकडे वळली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल कित्येक दिवस बुडालेला होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. कोतुळातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की पूल पाण्यात आहे.

आपण रस्ता विचारायची सवयच मोडून टाकली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचं काय मत?

एकटी_वाटसरू

साफ असहमत.

कामानिमित्त मी नगर, बीड, लातूर या पट्ट्यात एकटी गाडी चालवते. रात्री आठ वाजता टपरीवर काच खाली करून रस्ता विचारायचा म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित कधी जाणवलं नसेल. तिथे उभ्या असलेल्या चार अनोळखी पुरुषांना मी स्वतःहून सांगते की मी एकटी आहे, मला रस्ता माहीत नाही आणि मी कुठे जाणार आहे. एकदा रस्ता सांगून झाल्यावर एक मोटरसायकल सहा-सात किलोमीटर माझ्या मागे आली. त्या दिवसापासून मी विचारत नाही.

फोन हाताशी नव्हता तेव्हा परगावच्या प्रत्येक कामाला बाबा सोबत यायचे, नाहीतर मी ते काम नाकारायचे. आज नकाशा समोर असतो आणि मी कुठवर पोचले ते घरी बहिणीला तिच्या फोनवर दिसत असतं. या नोकरीतली माझी निम्मी मोकळीक त्या फोनमुळे आहे. त्याला दुय्यम कसं म्हणू?

आणि माणसं नेहमी बरोबरच सांगतात असंही नाही. "हे काय, पुढंच" म्हटलेलं गाव अकरा किलोमीटर निघालं आहे. शिरूर कुठे विचारलं तर पुण्याचं, बीडचं शिरूर कासार की लातूरचं शिरूर अनंतपाळ, यावरच गोंधळ. वडगाव आणि पिंपळगाव तर विचारूच नका.

ठिपका_आणि_रेघ

दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. नकाशावरचा ठिपका वेगळा, रेघ वेगळी.

ठिपका येतो उपग्रहांकडून. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. फोन फक्त त्यांचे संदेश ऐकतो आणि चार उपग्रह मिळाले की स्वतःची जागा काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून घाटवाट यांचा ठिपका रेंज नसतानाही सरकत होता. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती काढल्यापासून उघड्या आभाळाखाली काही मीटरपर्यंत अचूक जागा मिळते. ठिपक्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही.

रेघ मात्र भोरच्या आधी, रेंज असताना उतरवून घेतलेली होती. पुढे घाटात काय झालं ते तिला कळण्याची सोयच नव्हती. नकाशाला वाहतूक कळते ती मुख्यतः रस्त्यावरच्या इतर फोनच्या वेगावरून. जिथे फोनच नाहीत किंवा रेंज नाही, तिथे रस्ता मोकळा आहे की बंद, हे त्याला कोण सांगणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशात पूल अखंड होता हे खरं, पण पुलाच्या तोंडाशी धड अडथळा नव्हता हेही तितकंच खरं. त्या प्रकरणात बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. नकाशा शिळा असू शकतो. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तो बंद करायला नको?

वाडीतला

मी तुमच्या त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला राहतो. माणगावपासून थोडं आत.

गणपतीच्या आधी दोन दिवस मुंबई-गोवा महामार्ग तुंबला की फोन लोकांना आमच्या वाडीतून काढतो. वाडीतला रस्ता एका टेम्पोच्या रुंदीचा. समोरासमोर गाड्या आल्या की मागे घ्यायला जागा नसते, दोन्ही बाजूंना गडगा. गेल्या वर्षी दुधाचा टेम्पो दीड तास अडकला आणि दूध नासलं. एकाने तर गाडी आमच्या गोठ्याच्या अंगणात वळवली, वासरू बिथरलं. सगळे काच वर करून बसलेले. खाली उतरून एकाने विचारलं असतं तर सांगितलं असतं, दादा, हा रस्ता पुढे ओढ्याशी संपतो, महामार्गावरच थांबा, तिथून लवकर सुटाल.

ताई, तुमचं खरं आहे, माझी बहीणही एकटी ये-जा करते. पण हे गाडीत सहा जण बसलेले असतात, त्यांना विचारायला कसली भीती?

दुचाकीवरून

कुरिअरचं काम करतो, दिवसाला साठ-सत्तर पत्ते. प्रत्येकाला विचारत बसलो तर दहा होतील. "मारुतीच्या देवळाजवळ" असा पत्ता असतो आणि गल्लीत देवळं तीन. नकाशाशिवाय माझं पोट चालत नाही.

एक मात्र मान्य. वरून पूल आणि खालून रस्ता असेल तिथे फोनवर भिस्त ठेवायची नाही. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक बाई खाडीपुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि गाडी खाडीत पडली. सागरी पोलिसांनी वाचवलं म्हणून बऱ्या. आणि फोन हातात धरू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमाने रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. मी कानात आवाज लावतो, पडद्याकडे बघतच नाही.

घाटवाट

एकटी_वाटसरू ताई, मोटरसायकलची गोष्ट वाचून गप्प झालो. मी पुरुष म्हणून सहज थांबतो, ते सगळ्यांना सहज नसतं, हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. दुय्यम हा शब्द मागे घेतो. तरी विचारा, हे म्हणणं सोडत नाही. टपरी नको तर पेट्रोल पंप, नाहीतर एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक. घाट बंद असेल तर त्याच्या गाड्या आधी थांबलेल्या असतात, त्याला सकाळपासूनचं सगळं माहीत असतं. डेपोला फोन करूनही विचारता येतं.

एकटी_वाटसरू

डेपोला फोन करायचं कधी सुचलं नव्हतं, ते नक्की करेन. पण एक सांगा, भोरहून घाटाकडे वळताना फाट्यावर "घाट बंद" असा फलक होता का?

घाटवाट

नव्हता. परतताना मुद्दाम थांबून बघितलं. बॅरिकेड थेट वर, चढ सुरू होतो तिथे होतं म्हणे.

एकटी_वाटसरू

मग मला तो फलक हवा आहे. फाट्यावर, हेडलाइटमध्ये दिसेल असा, तारीख घातलेला. तो वाचायला मला काच खाली करावी लागत नाही.

घाटवाट

मान्य. पावसाळ्याआधी संबंधित खात्याला अर्ज देतो. भोर, महाड, गगनबावडा या बाजूंना नेहमी जाणाऱ्यांनी कुठल्या कुठल्या फाट्यावर फलक हवा ते इथे लिहा, अर्जात घालतो. वाडीतले दादा, तुमच्या वाडीचा फाटा पहिला.