बाबांच्या घोरण्याबद्दल : घरी झोपेची तपासणी केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. बाबा ५८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. घोरणं जुनंच, पण हल्ली मध्येच श्वास थांबतो आणि मग ते दचकून, गुदमरल्यासारखे श्वास घेतात. आई जागीच असते बिचारी.

'स्टॉप-बँग' ही ८ प्रश्नांची यादी भरून पाहिली. शिंप्याच्या टेपने गळा मोजला, ४२ सेंमी भरला (४० च्या वर असला की एक गुण). एकूण ६ गुण, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा) धोका जास्त. 'एपवर्थ' (दिवसा किती झोप येते ते मोजणारी प्रश्नावली) मध्ये मात्र २४ पैकी जेमतेम ७, कारण "मला कुठे दिवसा झोप येते?" टीव्हीसमोर मान टाकून बसतात, ते त्यांच्या हिशेबी 'डोळे मिटणं'!

दोन्हींचा मेळ बसत नाही, तेव्हा वजन कशाला द्यायचं? माझ्या मते आईच्या सांगण्याला. डॉक्टरांकडे नेणारच आहे, पण दवाखान्यात तारा लावून रात्रभर झोपायला बाबा तयार नाहीत. घरी यंत्र लावून तपासणी कुणी केलीय का? बीपी असताना ती पुरते का? साधारण खर्च? आणि असा हट्टी माणूस राजी कसा केलात, तेही सांगा.