बिकानेरहून आलेल्या दिरांच्या हातावरची जखम: रक्ताची टेस्ट निगेटिव्ह, मग पुढं काय?

कोरेगावची वहिनी
नमस्कार. माझे धाकटे दीर फौजेत आहेत, दीड वर्ष बिकानेरला होते. सुट्टीवर आले तर डाव्या मनगटाच्या वर रुपयाएवढी जखम. कडा उंच, मधे खड्डा, वर सुकी खपली. दुखत नाही, पण चार महिने झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, भरतच नाही. डॉक्टरांना लिश्मानिया या परजीवीची शंका आली म्हणून रक्ताची आरके-३९ टेस्ट केली, ती निगेटिव्ह. घरात सगळे निर्धास्त झाले. सासूबाईंनी मात्र त्यांचं ताट-तांब्या अजून वेगळं ठेवलंय. भावजी मान खाली घालून जेवतात, मला बघवत नाही. निगेटिव्ह म्हणजे संपलं का?

मिरजेचा लॅबवाला
वहिनी, नाही संपलं. आरके-३९ची ती पट्टी मुळात काळ्या आजारासाठी, म्हणजे लिश्मानियाच्या शरीरात आत पसरणाऱ्या प्रकारासाठी आहे. त्यात परजीवी प्लीहा, यकृत, अस्थिमज्जेत पसरतो आणि रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार होतात. बिकानेरकडचा प्रकार कातडीतच राहतो. रक्तात अँटिबॉडी कमी, कधी जवळजवळ नाहीतच. मग पट्टीवर रेघ उमटणार कशी?

जखमेच्या उंच कडेतून स्मिअर (खरवडून काचेवर पसरलेला नमुना) घ्यायला सांगा, मधल्या खपलीतून नको. जिम्सा रंग देऊन ऑइल लेन्सखाली बघतात. मोठ्या पेशीच्या पोटात बारीक गोल दाणे दिसतात, प्रत्येक दाण्यात एक जाड ठिपका आणि शेजारी छोटी काडी. ती काडी दिसल्याशिवाय मी कधी सही करत नाही. जखम जुनी झाली की दाणे कमी होतात, म्हणून स्मिअर निगेटिव्ह आला तरी बायॉप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणं) आणि पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणं) करा.

आणि ताट आजच एकत्र करा. हा आजार वाळूमाशी चावून होतो, शिवल्याने किंवा उष्ट्याने नाही.

तासगावचा बागायतदार
आमच्याकडं उलटं झालं. बागेतल्या बिहारच्या गड्याच्या तोंडावर पांढुरके चट्टे होते. कुष्ठरोग म्हणून सगळे लांब राहायचे. चट्ट्याला बधिरपणा अजिबात नव्हता. त्याला लहानपणी काळा आजार झालेला. हीच पट्टी लगेच पॉझिटिव्ह आली.

मिरजेचा लॅबवाला
दादा, तिथंही जपून. काळा आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात. नुसत्या रेघेवर चट्ट्यांचं निदान ठरत नाही, कातडीचा नमुना लागतोच.

तासगावचा बागायतदार
घेतला होता. त्यातच परजीवी सापडले. मग १२ आठवडे मिल्टेफोसिनच्या गोळ्या चालल्या.

कोरेगावची वहिनी
सोमवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतेय. तोवर मलम लावू का?

मिरजेचा लॅबवाला
नको, विशेषतः स्टेरॉइडचं. साध्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड बांधा. आणि कागदावर "बिकानेर, दीड वर्ष" ठळक लिहायला लावा. साताऱ्यात हा आजार सहसा दिसत नाही. लिहिलं नाही, तर तपासणारा पोरगा जिवाणूच शोधत बसेल.