बोर्डाने ‘नाही’ लिहिले म्हणजे अपंगत्व पेन्शनचा विषय संपला?

चोर्लाघाट
परवा इथे एकाने ठासून लिहिले: रिलीज मेडिकल बोर्डाने (सेवेतून बाहेर पडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) ‘आजार सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला की संपले, पुढची अपिले म्हणजे वकिलांची धन. असले वाचून मुदत घालवून बसणारे माजी सैनिक पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अपिलात तुम्ही किती आजारी आहात हा मुख्य प्रश्न नसतोच. बोर्डाने नकाराचे कारण लिहिले आहे का, हे पाहतात. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती आणि पुढे त्याच आजाराने नोकरी गेली, तर अपंगत्व पेन्शनच्या १९८२च्या नियमांखाली तो सेवेत उद्भवला असे धरतात. भरतीवेळी तो का सापडला नसता, हे बोर्डाने कारणांसह लिहायचे असते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा धरमवीर सिंग निकाल याच पायावर उभा आहे. ‘कॉन्स्टिट्यूशनल’ (मूळ शरीरप्रकृतीचा) एवढा एक शब्द म्हणजे कारण नव्हे.

म्हणून आधी माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावहून) बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागवा. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील करा, ते फेटाळले तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे. प्रत हाती नसताना केलेले अपील ‘मला त्रास होतो’ एवढ्यावरच संपते आणि दिल्लीची समिती ते दोन ओळींत परत पाठवते.

डिचोलीकर
अर्धेच सांगून लोकांना आशेला लावू नका. १९८२चे नियम १ जानेवारी २००८ नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना लागत नाहीत. २००८च्या नियमांत ‘सेवेत उद्भवला असे धरा’ हे गृहीतकच नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून तर तिसरेच नियम आले. अपंगत्व असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ मिळतो. अपिलात २०१३चा निकाल डोळे झाकून चिकटवणारे पहिल्याच सुनावणीत अडकतात.

आणि रजेवर स्कूटर घसरली तरी लोक धरमवीर सिंगच पुढे करतात! तशा अपघातावर २०१९चा धरमबीर सिंग हा वेगळा निकाल आहे, आणि तो दावेदाराच्या विरोधात गेला. अपघात आणि लष्करी काम यांचा संबंध दाखवावाच लागतो.

चोर्लाघाट
गृहीतक गेले, हे मान्य करावे लागते. पण पुराव्याचा भार दावेदारावर आला, हे मान्य नाही. २००८च्या नियमांतही त्याला साधारणपणे काही सिद्ध करायला सांगत नाहीत. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तरच भार त्याच्यावर येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या प्रकरणात हेच सांगितले: ‘शांत ठाण्यावर (पीस स्टेशन, म्हणजे लढाईच्या भागाबाहेर) असताना सुरू झाला’ एवढे लिहून बोर्डाला सुटता येणार नाही.

वास्कोवाला
शांत ठाण्याचा विषय निघालाच आहे तर नौदलाचेही ऐका. दहा-बारा वर्षे जहाजावर काढलेल्या खलाशाची बदली दाबोळीला हंसा या नौदल तळावर होते, वार्षिक तपासणीत रक्तदाब सापडतो आणि बोर्ड लिहिते ‘पीस स्टेशन’. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत रक्तदाबासाठी फील्ड, अतिउंच प्रदेश आणि बंडखोरीविरोधी मोहिमा यांच्याबरोबर दीर्घ समुद्रसेवाही आहे. पण बोर्ड आजार सापडला ते ठाणे बघते, आधीची वर्षे बघत नाही. अपिलाला पोस्टिंग प्रोफाइल जोडा: कोणते जहाज, कधीपासून कधीपर्यंत. नाही जोडले तर तुमच्यासाठी ते कोणी शोधत बसत नाही.

डिचोलीकर
रक्तदाब म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्यालाही होतो. कॅगने २०२३च्या अहवालात अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याचे दाखवले. गोळी लागलेल्या जवानाच्या रांगेत साखर आणि कोलेस्टेरॉलवाले उभे राहिले की खऱ्या दाव्याकडेही संशयाने पाहतात.

वास्कोवाला
अधिकाऱ्यांवरचा राग इंजिनरूममध्ये राबलेल्या खलाशावर काढू नका! बाजारात बसणाऱ्याला सहा-सहा तासांच्या पाळ्यांत झोपेचे तुकडे करावे लागत नाहीत.

डिचोलीकर
राग कोणावर काढत नाही. समुद्रसेवा दाखवता येत असेल तर दावा करा, तेवढे मानतो. जहाजावर पाऊलही न ठेवलेल्यांनी तोच मुद्दा उचलू नये.

कुशावतीकाठ
हृदयविकारवाल्यांचे राहिलेच. तिथे झटक्याआधीच्या १४ दिवसांत कोणते काम केले, याचा तक्ता युनिटकडून मागवतात. युनिटने ‘नेहमीचे काम’ लिहिले की दावा अडतो. त्या काळातली गस्त, रात्रपाळी, सराव अपिलात तारखांसह लिहा.

पैशाचा हिशेबही सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. वेतन ६०,००० असेल तर २० टक्क्यांना महिना ३,६००. ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल ते राउंडिंगने ५० धरतात, म्हणजे ९,००० आणि त्यावर महागाई सवलत. मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही राउंडिंग मिळते, ते २०१४च्या राम अवतार निकालामुळे. अपिलात सेवेशी संबंध मागताना राउंडिंगही त्याच अर्जात मागा. पुष्कळांचे तेच राहते आणि त्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते.

डिचोलीकर
मुंबईचा खर्च कोणी बोलत नाही. गोव्याची प्रकरणे सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. कोकणकन्या पकडायची आणि तारीख पुढे ढकलली की परत यायचे. अपिले सोडून थेट न्यायाधिकरणात का जाऊ नये?

चोर्लाघाट
कारण न्यायाधिकरणाच्या २००७च्या कायद्याचे कलम २१ आधी खात्यातले उपाय वापरायला सांगते. मात्र अपिलावर सहा महिने उत्तर आले नाही तर ते वापरले असे धरतात, आणि कलम २२ प्रमाणे तिथून पुढचे सहा महिने तुमचे. म्हणून अपील रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवा आणि पोचपावती सांभाळा. वाट पाहिल्याचा तेवढाच पुरावा असतो. थेट पर्वरीला उच्च न्यायालयात रिट टाकली तर आधी न्यायाधिकरणात जा, हेच बहुधा ऐकायला मिळते. त्याच्या निकालानंतर मात्र उच्च न्यायालयाची वाट २०२३ पासून पुन्हा मोकळी आहे.

डिचोलीकर
पोचपावतीचे बरोबर. नियम कोणत्या सालचे लागतात ते अपिलाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा, एवढे माझ्याकडून जोडा.