मदत हवी आहे: सभेत विषय भरकटला की अध्यक्षांनी थांबवावं का?

रंगीत_दुपार
रविवारी आमच्या इमारतीतल्या सभासदांची सभा आहे, लवकर उत्तर हवंय. रंगकामाचा विषय वर्षभर लटकलाय. चर्चा रंगावरून सुरू होते, तिथून गळती, मग पार्किंग, मग भटकी कुत्री, आणि लोक उठून जातात. अध्यक्ष गप्प. मध्ये पडले तर "आवाज दाबता" म्हणून ओरडा. त्यांना थांबवायचा अधिकार आहे की नाही, एवढंच सांगा.

सहकारमित्र
सभा वार्षिक की विशेष? सहकारी सोसायटी की अपार्टमेंट? नोटिशीत नेमके शब्द काय? अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि तुमचं घोषणापत्र (इमारतीचा नोंदणी केलेला दस्त) बघावं लागेल, १९६० चा सहकार कायदा नाही.

रंगीत_दुपार
पुण्यातली सोसायटी. विशेष सभा. "इमारतीचे रंगकाम व इतर."

सहकारमित्र
घोळ त्या "व इतर"मध्ये आहे. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, ती सभासदाला काय ठरणार हे आधी कळावं म्हणून. घरी बसलेल्याला न कळवता पार्किंगचा ठराव झाला, तर तो आव्हान देणारच. म्हणून अध्यक्षांनी थांबवायलाच हवं, हा मर्जीचा प्रश्न नाही. ऐनवेळचे विषय वार्षिक सभेत घ्या. आता नोटीस निघालीच असेल, तर रंगकामाचं एक पानी टिपण आजच सगळ्यांना द्या: दरपत्रकं, प्रत्येक फ्लॅटचा वाटा, कामाची मुदत.

फ्लॅट_४०४
वर्गणी काढणार असाल तर जीएसटी बघा. संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि दरमहा प्रत्येकी ७,५०० च्या वर घेत असाल तर १८ टक्के लागतो.

सभाशास्त्र
अधिकार असून उपयोग नाही, पद्धत हवी. दाराशीच बोलणाऱ्यांची नावं लिहून घ्या. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय दुसरी पाळी नाही. भिंतीवर मोठा कागद लावा. कुत्र्यांचा मुद्दा आला की सचिवांनी तो सगळ्यांसमोर कागदावर लिहायचा आणि पुढचं नाव पुकारायचं. लिहिलेलं दिसलं की माणूस बसतो, नुसतं "नंतर बघू" म्हटलं की तो पुन्हा उठतो. शेवटी प्रत्येक नोंदीपुढे कोण बघणार आणि कधीपर्यंत, तेही लिहा. अध्यक्ष बिघडवतात ते इथे: प्रत्येक मुद्द्याला स्वतः उत्तर देत बसतात आणि वाद त्यांच्याशीच सुरू होतो.

गिलावा
कागदावर टाकून गळती मिटत नाही हो. रंगकामात गळती भरकटणं नव्हेच! आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग बाहेरच्या पाइपांचे सांधे, मग गिलाव्याच्या भेगा उघडून भरणं, भिंत कोरडी होऊ देणं, प्राइमर, आणि शेवटी रंग. ओल्या भिंतीवर रंग चढवला की पहिल्याच पावसात फुगे येतात, पोपडे निघतात. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) संस्थेच्या खर्चाची. घरातल्या संडास-न्हाणीघराची सभासदाची. हा फरक न करता "विषयाबाहेर" म्हणाल, तर लोक ओरडणारच.

सभाशास्त्र
सहमत नाही. कुणाच्या न्हाणीघरावर अर्धा तास गेला की रंग पुन्हा मागे पडतो.

गिलावा
तोच फरक अध्यक्षांनी करायचा. "दरपत्रकातल्या कामाशी संबंध आहे का?" एवढं विचारायचं. गच्चीला आहे, न्हाणीघराला नाही. आणि कोणतीही कंपनी घ्या, पाऊस पूर्ण संपल्याशिवाय बाहेरचं काम काढू नका.

नागपूरवाला
पण अध्यक्ष गप्प का, हे कुणीच विचारलं नाही.

रंगीत_दुपार
ते वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या छतालाच ओल आहे.

सहकारमित्र
हे आधी सांगायला हवं होतं! ज्यांच्या छताला ओल आहे त्यांनी गळती रोखली काय आणि चालू दिली काय, संशय येणारच. या विषयापुरतं त्यांनी आसन सोडावं. सुरुवातीलाच उपस्थित सभासदांनी दुसरा अध्यक्ष निवडावा, आणि हे इतिवृत्तात नोंदवावं.

रंगीत_दुपार
आणि तरीही रविवारी वेळ संपला तर?

सहकारमित्र
उठून जाऊ देऊ नका. लोक बसलेले असतानाच उरलेल्या कामासाठी सभा तहकूब करून पुढची तारीख ठरवा. ती ३० दिवसांच्या आतली हवी. तहकूब सभेत उरलेलंच काम घ्यायचं, त्यात नवा विषय नको. आणि "व इतर" पुढच्या नोटिशीतून काढून टाका.